गोळ्या चालू असूनही साखर आटोक्यात येत नाही, तेव्हा काय काय तपासावे

"गोळ्या वेळेवर घेतो, पथ्य पाळतो, तरी साखर दोनशेच्या खाली उतरत नाही," ही तक्रार सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवणाऱ्या माझ्यासारख्याच्या कानावर जवळजवळ रोज पडते. त्यानंतर काय होते तेही ठरून गेल्यासारखे आहे. कोणी गोळीचा डोस परस्पर वाढवतो, कोणी डॉक्टर बदलतो, कोणी शेजाऱ्याने सांगितलेला काढा सुरू करून गोळ्या बंदच करून टाकतो, आणि काही महिन्यांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन पुन्हा काउंटरपाशी उभा राहतो. माझे मत असे झाले आहे की आपल्या भागात औषध लागू पडत नाही म्हणून साखर वाढलेली राहते, असे कमी वेळा घडते. डॉक्टर, लॅब, मेडिकल आणि घर या चार ठिकाणांपैकी एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणी पोचत नाही आणि उपचार तिथे अडकून पडतो. म्हणून डॉक्टर किंवा डोस बदलण्याआधी नेमके कुठे अडले आहे ते शोधावे, आणि ते ज्या क्रमाने शोधावे असे मला वाटते त्या क्रमाने पुढे लिहितो. हे सारे प्रौढ वयातल्या नेहमीच्या, म्हणजे टाइप २ मधुमेहाबद्दल आहे. लहान मुलांचा मधुमेह आणि गरोदरपणातला मधुमेह यांना सुरुवातीपासून तज्ज्ञच हवा.

आकडा खरा आहे का?

घरी ग्लुकोमीटर असेल तर पहिला संशय त्याच्या आकड्यावर घ्यावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत टेस्ट स्ट्रिपची डबी उघडी राहिली की पट्ट्या दमटतात आणि चुकीचा आकडा दाखवू लागतात. डबीचे झाकण पट्टी काढल्याबरोबर घट्ट लावावे, पट्ट्या सुट्या पिशवीत काढून ठेवू नयेत आणि डबीवरची मुदत पाहावी. दुसरे कारण त्याहून साधे आहे. आंबा किंवा केळे सोलल्यावर बोट पाण्याने न धुता टोचले, तर बोटावरच्या रसातली साखर त्या रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा भलताच वर जातो. एप्रिल-मे महिन्यांत घाबऱ्याघुबऱ्या येणाऱ्या माणसाला मी आधी हात साबणाने धुऊन, पुसून पुन्हा तपासायला सांगतो. स्पिरिटच्या कापसाने नुसते पुसणे त्यासाठी पुरेसे नाही.

लॅबच्या आकड्याचेही असेच आहे. वाडीतून निघणाऱ्या पहिल्या एसटीने तालुक्याला येऊन, लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त देऊन, पुढचे दोन तास स्टँडवर काढणारा माणूस तिथे वडापाव आणि गोड चहा घेतो, आणि जेवणानंतरची साखर म्हणून जो आकडा येतो तो त्याच्या घरच्या जेवणाचा नसून त्या वडापावचा असतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी घरची भाकरी-भाजी डब्यात आणावी आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजावेत. जेवणाआधीची गोळी रिकाम्या पोटी घेऊन प्रवास मात्र करू नये. ती सोबत आणून, पहिले रक्त दिल्यावर, खाण्याच्या वेळी घ्यावी.

ज्यांचे गाव लांब आहे त्यांच्यासाठी एचबीएवनसी ही तपासणी जास्त सोयीची आहे. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी त्यातून कळते, तिला उपाशी राहावे लागत नाही, आणि दिवसाच्या कोणत्याही वेळी रक्त देता येते. बहुतेक प्रौढांसाठी ती ७ टक्क्यांच्या आसपास, उपाशीपोटीची साखर ८० ते १३० आणि जेवणानंतरची १८० च्या आत असावी असे धरतात. फार वयस्कर किंवा इतर मोठे आजार असलेल्या माणसासाठी डॉक्टर हे लक्ष्य मुद्दाम सैल ठेवतात. रक्त कमी असणाऱ्यांनी मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण लोहाच्या कमतरतेमुळे हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल तर त्यावर विसंबता येत नाही.

पोटात नेमके काय जाते आहे?

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, आणि आपल्या कोकणात त्याला एक खास कारण आहे. मुलगा मुंबईला, आई-वडील गावी. गणपतीला किंवा मे महिन्यात आलेला मुलगा परत जाताना आईला सोबत नेतो, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवतो, ते नवीन गोळ्या लिहून देतात, आई महिन्या-दीड महिन्याने गावी परतते आणि इथल्या डॉक्टरांच्या जुन्या गोळ्या डब्यात असतातच. इथल्या डॉक्टरांना मुंबईची चिठ्ठी दाखवायला संकोच वाटतो, मुंबईच्या डॉक्टरांना इथली चिठ्ठी दाखवलेली नसते.

अशीच एक आजी मागच्या पावसाळ्यात सुनेबरोबर दुकानात आली. सून सांगत होती की आईंना दुपार व्हायच्या आत दरदरून घाम फुटतो, हात कापतात, त्या असंबद्ध बोलतात. साखर वाढल्यामुळे असे होत असेल म्हणून घरच्यांनी त्यांचा भातही कमी केला होता. मी पिशवी उलटी करायला सांगितली. दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या रंगांची पाकिटे निघाली आणि दोन्हींच्या मागे बारीक अक्षरांत एकच मजकूर होता : ग्लिमेपिराइड २ मि.ग्रॅ. आणि मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ., म्हणजे साखर उतरवणारी दोन औषधे एकाच गोळीत. मी विचारले, "आजी, यातली कुठची घेता?" त्या म्हणाल्या, "दोनय खातंय रे बाबा. ही मुंबयच्या डॉक्टरान दिलली आणि ही हयच्या. दोघांचोय मान राखूक व्हयो." सकाळी दोन्ही गोळ्या, त्यावर पातळ पेज, आणि कमी केलेला भात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न पुरेसे नसले तरी ती आपले काम थांबवत नाही. आजींची साखर वाढत नव्हती, घसरत होती. दुकानातल्या मीटरवर ती ५८ दिसली. साखरपाणी देऊन, काही खायला घालून त्यांना त्याच वेळी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि डॉक्टरांनी एक पाकीट बंद केले.

म्हणून सांगतो, घरात जी जी औषधे आहेत ती सगळी, रक्तदाबाची, गुडघ्याची, वैदूची पुडी, टॉनिक, सगळे एका पिशवीत भरून वर्षातून दोन-तीनदा तरी डॉक्टरांच्या टेबलावर ओतावे. कंपनीच्या नावाकडे पाहून काही उपयोग होत नाही. त्याखाली लिहिलेले घटक वाचावेत. एकाच कंपनीच्या गोळीच्या नावापुढे एम वन, एम टू, फोर्ट अशी शेपटे असतात आणि त्या एका शेपटाने डोस दुप्पट होतो. चिठ्ठीतली कंपनी मिळाली नाही आणि दुकानदाराने दुसरी दिली, तर ती जुन्या गोळीऐवजी आहे की जुन्या गोळीसोबत, हे त्याच्याकडून पाकिटावर पेनाने लिहून घ्यावे. माझ्या व्यवसायातल्या लोकांनाही एक विनंती आहे की पाच-पाच गोळ्या कापून देताना नाव आणि मुदत छापलेला भाग गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहील असे पाहावे, किंवा तो राहत नसेल तर पाकिटावर नाव, पॉवर आणि मुदत लिहून द्यावी. नाव नसलेल्या चार तुकड्यांवरून रात्री अपरात्री कोणत्याही डॉक्टरला काही कळणार नाही.

वैदूच्या पुडीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. लेबल नसलेल्या, घटक न छापलेल्या "साखरेच्या" पुड्यांमध्ये ॲलोपथीची साखर उतरवणारी गोळी कुटून घातलेली सापडल्याची उदाहरणे आहेत. पुडी लागू पडली असे वाटते ते त्यामुळे असू शकते, आणि डॉक्टरांच्या गोळीसोबत ती गेली तर आजींसारखाच प्रसंग ओढवतो.

गोळीची वेळही तपासावी. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा जेवणानंतर घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ, जुलाब होतात आणि माणूस "सोसत नाही" म्हणून ती गुपचूप सोडतो. डॉक्टरांना हे सांगितले तर ते डोस हळूहळू वाढवू शकतात किंवा सावकाश विरघळणारी गोळी देऊ शकतात. ती मात्र फोडून किंवा कुटून घेऊ नये. संकष्टी, श्रावणी सोमवार किंवा रमजानचे रोजे करणाऱ्यांनी उपवासाच्या आधीच डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. उपवास मोडा असे सांगून भागत नाही, कारण बहुतेक जण तो मोडत नाहीत. ते फक्त डॉक्टरांना सांगणे सोडतात.

चिठ्ठी वर्षभर तीच

आकडा खरा आहे, गोळ्याही बरोबर जात आहेत आणि तरी साखर वरच आहे, असे दिसले तर बहुधा डोस वाढवायची किंवा दुसरी गोळी जोडायची वेळ कधीच येऊन गेलेली असते आणि ती कोणाच्या लक्षात आलेली नसते. मधुमेह वर्षानुवर्षे हळूहळू पुढे सरकतो, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी पुरणारी गोळी आज पुरेलच असे नाही. त्यात कोणाचा नाकर्तेपणा असतोच असे मला वाटत नाही. सकाळी दवाखान्यात तापाचे, खोकल्याचे, पोटदुखीचे पेशंट ताटकळत असतात, डॉक्टर एकटे असतात, मधुमेहाचा पेशंट "काही त्रास नाही" म्हणतो आणि "चालू ठेवा" असे उत्तर मिळते. पुष्कळ जण तर तेवढेही करत नाहीत. रिकामे पाकीट घेऊन सरळ मेडिकलवर येतात. लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, तो घरी जातो, घरचे वाचून "जरा वाढली आहे" म्हणतात आणि तो कपाटात जातो. ज्याने तो वाचून डोस बदलायचा त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे एक शंभर पानी वही. तिच्यात तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी, रक्तदाब, वजन आणि त्या दिवसापासून चालू झालेली किंवा बंद झालेली गोळी, एवढेच लिहावे. तपासणी डॉक्टरांकडे जाण्याच्या दोन दिवस आधी करून घ्यावी, म्हणजे रिपोर्ट हातात असतो. वही उघडून डॉक्टरांपुढे ठेवली की बोलावे फारसे लागत नाही. तरी संकोच न करता, आदराने, दोन प्रश्न विचारावेत : "डॉक्टर, माझी साखर किती असायला हवी आणि आता किती आहे?" आणि "हा डोस किती दिवस घेऊन पुन्हा तपासायचे?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. डोस बदलला असेल किंवा साखर आटोक्यात नसेल तर एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा महिन्यांनी पाहतात. वर्षातून एकदा मूत्रपिंडासाठी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन, तसेच डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर मेटफॉर्मिनचा डोस घटवावा लागतो किंवा ती बंद करावी लागते. बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या पायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ जीवनसत्त्वाबद्दलही विचारावे, कारण ते या गोळीमुळे कमी होऊ शकते आणि सगळा दोष मधुमेहावर जातो.

गावातल्या डॉक्टरांशी आपले घरोब्याचे संबंध असतात. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले तर त्यांना वाईट वाटेल या भीतीने माणसे लपवाछपवी करतात, हे मी फार जवळून पाहतो आहे. त्यापेक्षा "मुलाचा आग्रह आहे, एकदा तज्ज्ञांना दाखवून येतो, तुम्ही चिठ्ठी द्या" असे सरळ म्हणावे. तज्ज्ञांकडून परत येताना कोणत्या जुन्या गोळ्या बंद करायच्या ते चिठ्ठीवरच लिहून आणावे. नवीन गोळ्यांची नावे सगळेच लिहून देतात. बंद करायच्या गोळ्यांची नावे मागितल्याशिवाय कोणी लिहीत नाही.

इन्सुलिन चालू असेल तर

इन्सुलिनची बाटली आपल्याकडे बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटर या ताकदीची असते आणि पेनमधले काडतूस १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात : लाल टोपणाची ४० युनिटच्या बाटलीसाठी आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज अशी जोडी जमली आणि २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात २० ऐवजी ८ युनिटच जातात. साखर वरच राहते आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. उलट जोडी जमली, म्हणजे १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजने ओढले, तर २० च्या जागी ५० युनिट जातात आणि ते जिवावर बेतू शकते. सिरिंज घेताना बाटली सोबत आणून दाखवावी.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये आणि गोठलेली बाटली वापरू नये. उघडलेली बाटली फार उष्णता नसेल तर बाहेर साधारण चार आठवडे चालते, म्हणून उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी. पावसाळ्यात आपल्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते. तेव्हा बाटली घट्ट झाकणाच्या बरणीत घालून ती बरणी पाण्याच्या मडक्यात ठेवावी. मुंबईहून इन्सुलिन आणताना ते गाडीच्या डिकीत किंवा थेट बर्फावर ठेवू नये. आणि पोटावर एकाच जागी रोज टोचून गाठ झाली असेल तर तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही, त्यामुळे जागा बदलत राहावी.

डॉक्टर बदलले किंवा साठा संपला

प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रित, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवेला बांधलेले, डॉक्टर वर्षभरासाठी येतात आणि जातात. नवीन डॉक्टरांना जुना पेशंट नवीनच असतो. इथेही वहीच कामाला येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि केंद्रांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे खर्चासाठी गोळ्या अर्धवट घेणाऱ्यांनी आधी तिकडे चौकशी करावी. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात होते. आशाताईंकडून आपले नाव त्या यादीत घालून घ्यावे. केंद्रात गोळी संपली असेल तर शेवटची गोळी घेईपर्यंत न थांबता आठ-दहा दिवस आधी विचारावे आणि नसेल तर चिठ्ठीवर घटकाचे नाव लिहून घेऊन जनऔषधी केंद्रातून घ्यावी. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड तिथे पुष्कळ स्वस्त मिळतात. मी स्वतः खासगी दुकानदार असूनही हे सांगतो, कारण बंद पडलेल्या गोळीपेक्षा स्वस्तात चालू असलेली गोळी केव्हाही बरी. पावसात रस्ता बंद असेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टरांशी बोलता येते.

वाट पाहू नये असे प्रसंग

लावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्या मधुमेही माणसाने रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात पाहावेत. दुखत नाही म्हणून जखम लहान समजू नये. संवेदना गेलेला पाय दुखतच नाही. पाय काळा पडला, सुजला, वास येऊ लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पावसाळ्यात ताप आला तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शक्यता आपल्या सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत नेहमीच असते, त्यामुळे मधुमेह असलेल्याने तापाची गोळी घेऊन दोन दिवस काढू नयेत. उलट्या-जुलाब चालू असतील आणि अन्न पोटात राहत नसेल तर कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरांना फोनवर लगेच विचारावे. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. साखर वारंवार ३०० च्या वर, सोबत उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोराने श्वास, असे दिसले तर थेट रुग्णालय.

साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम, कापरे, गोंधळ दिसू लागला आणि मीटर हाताशी नसला, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, मग भात किंवा भाकरी खायला द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्या वयस्कर माणसाला साखर देऊन बरे वाटले तरी घरी झोपवून ठेवू नये, कारण त्या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो आणि साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. त्याला रुग्णालयात नेऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे, आणि नेताना गोळ्यांची ती पिशवी सोबत घ्यावी.